दाखल्यावरचा धर्म

मेळाव्यासाठी जुन्या विद्यार्थ्यांची यादी करायची म्हणून आम्ही चार-पाच जण दोन दुपारी शाळेच्या कार्यालयात दाखलखारीज रजिस्टर चाळत बसलो होतो. कोणाचे नाव सुटू नये, एवढाच हेतू. पण माझी सारी नोकरी इतिहास शिकवण्यात गेली, त्यामुळे नावाबरोबर शेजारचे रकानेही वाचले जातात. त्यातला 'धर्म व जात' हा रकाना आपण सगळ्यांनी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शंभरदा पाहिला आहे. दाखल्याच्या झेरॉक्स काढल्या, त्या साक्षांकित करून घेतल्या, अर्जाला जोडल्या. मात्र त्या रकान्यात काय लिहिले आहे आणि ते तसे का लिहिले आहे, याचा विचार फार थोड्यांना करावा लागला. ज्यांना करावा लागला, त्यांच्याविषयी हा लेख आहे. संपादक मंडळाने 'आठवणी' मागितल्या होत्या. त्या इतरांनी माझ्यापेक्षा चांगल्या लिहिल्या असणार.

आधी गावाविषयी थोडे. आपल्या गावाचे जुने नाव भांदक. नगरपालिकेच्या पाटीवर भद्रावती असले तरी रेल्वे स्टेशनावर अजून भांदकच आहे, आणि जुनी माणसेही भांदकच म्हणतात. या गावात देवांची कधी टंचाई नव्हती. विजासनच्या टेकडीत बौद्ध लेणी आहेत. एक लांब दालन टेकडीच्या पोटात सरळ आत जाते, त्याला दोन्ही बाजूंना फाटे फुटतात आणि प्रत्येक दालनाच्या टोकाला बसलेली बुद्धमूर्ती आहे. सहलीच्या दिवशी आत अंधारात ओरडून आवाज घुमवला नाही असा आपल्यातला एकही नसेल. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके 694, म्हणजे इ.स. 772 चा ताम्रपट भांदकला सापडला. त्यात सूर्याच्या देवळाला गाव दान दिल्याची नोंद आहे. भद्रनागाचे देऊळ आहे, गवराळ्याचा गणपती आहे, डोलारा तलाव आहे. युआन श्वांग सातव्या शतकात कोसल देशात आला होता. तिथला राजा क्षत्रिय असून बुद्धधर्माचा आदर करतो, संघाराम आणि देवळे दोन्ही आहेत, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या कोसलची राजधानी भांदक असावी असे काही जुन्या अभ्यासकांना वाटले होते. आता बहुतेकांचा कल छत्तीसगडातल्या सिरपूरकडे आहे. गावाच्या अभिमानापोटी मी हा मान ओढून आपल्याकडे आणणार नाही. तो नसला तरी आपल्याकडे पुरेसे आहे.

यातले केसरिया पार्श्वनाथाचे उदाहरण मला फार बोलके वाटते. आज तिथे मोठे जैन तीर्थ आहे, दूरदूरहून यात्रेकरू येतात. पण ती काळी मूर्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत झाडीत अर्धवट पुरलेल्या स्थितीत होती आणि आसपासचे लोक तिला 'केसरियाबाबा' म्हणून शेंदूर लावत होते, असे सांगतात. पुढे शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ संस्थानातल्या एका भाविकाला स्वप्न पडले, तो शोधत इथे आला, आणि म्हणून 'स्वप्नदेव' हे नाव पडले, अशी परंपरा आहे. स्वप्नाची साक्ष इतिहासकाराने देऊ नये. पण शेंदराची गोष्ट खरी वाटण्यासारखी आहे, कारण आपल्या मुलखात सगळीकडे हेच झाले. मूर्ती कोणाची हे विसरले गेले, तरी हात जोडणे थांबले नाही. विजासन हे टेकडीचे नाव देवीवरून आले आहे. बुद्धाच्या टेकडीला देवीचे नाव मिळाले, आणि त्यावरून कधी भांडण झाल्याचे जुन्या माणसांच्या तोंडून मी ऐकले नाही.

देवांच्या बाबतीत एवढे मोकळे असलेले गाव माणसांच्या बाबतीत तसे नव्हते. शेंदूर लावायला येणाऱ्यांमध्येही कोणी किती जवळ जायचे हे ठरलेले होते. विहिरीवर तर ठरलेलेच होते. आपल्या भागातले महार हे पूर्वी जाडेभरडे कापड विणणारे. गिरणीच्या कापडाने मागावरचे काम हळूहळू मोडले. काही नागपूरच्या एम्प्रेस मिलकडे गेले, काही कोळशाच्या खाणीत उतरले, काही वावरात मजुरी करत राहिले. रोख पैसा हातात आला, नागपूरला किसन फागोजी बनसोडे यांच्यासारख्यांनी शाळा काढल्या, मुले शिकू लागली. म्हणजे 1956 साली जे घडले ते एका रात्रीत घडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले होते. त्यालाही तोवर एकवीस वर्षे झाली होती.

नागपूरची 14 ऑक्टोबर 1956 ही तारीख सगळ्यांना पाठ आहे. दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, बाबासाहेब चांद्याला आले आणि तिथे त्यांनी पुन्हा दीक्षा दिली, हे आपल्या जिल्ह्याबाहेर पुष्कळांना माहीत नसते. त्या समारंभामागे चांद्याचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे होते, जे पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले. लोक किती आले याचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात, पण लाखांच्या खाली कोणी येत नाही. भांदकपासून चांदा पंचवीस-तीस किलोमीटर. कोणी रेल्वेने गेले, कोणी बंडी जुंपून, कोणी पायी. सोबत भाकरी, लेकरे कडेवर. त्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि परत आले. एक्कावन्न दिवसांनी बाबासाहेब गेले.

त्या दिवशी चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. 1 नोव्हेंबरला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. भांदकच्या एखाद्या बौद्ध कुटुंबाने चार वर्षांच्या आत एक धर्म आणि दोन राज्ये बदलली. राज्य बदलले तेव्हा शेजाऱ्यांनी काही विचारले नाही. धर्म बदलला तेव्हा मात्र विचारले.

घराघरांत काय झाले ते त्या पिढीकडून ऐकायला हवे. देव्हाऱ्यातले देव नदीत, तलावात सोडले गेले. ज्या बाईने पंचवीस वर्षे त्या देवांना हळदकुंकू वाहिले, तिला ते सोपे गेले नसणार. प्रतिज्ञा घेतली म्हणून सवय सुटत नाही. काही घरांत एखादी कुलदेवी बरीच वर्षे धान्याच्या कोठीआड राहिली, असे नंतरच्या पिढीतले लोकच हसून सांगतात. दुसरीकडे, मेलेले जनावर ओढायला नकार दिला, दवंडी पिटायला नकार दिला, सणाला मागायला जाणे बंद केले, म्हणून अनेक गावांत मजुरी बंद झाली आणि किराणा मिळेनासा झाला. इथे धर्म हा केवळ मनातल्या श्रद्धेचा प्रश्न नव्हता. कोणासमोर वाकायचे आणि कोणाच्या दारात उभे राहायचे नाही, याचा तो निर्णय होता.

आता रजिस्टरकडे येतो. जनगणनेचे आकडे आहेत: 1951 साली आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात बौद्ध होते 2,487, 1961 साली 27,89,501. हा फरक शाळेच्या कागदात कसा दिसतो? सर्वांत आधी तो नावांत दिसतो. पन्नाशीच्या सुरुवातीच्या पानांवर सोमा, धोंडू, बुधा, गंगू, सखू अशी नावे आहेत. साठीच्या मध्यावर पहिलीत येणाऱ्या मुलांची पाने उलटा. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, सुजाता, यशोधरा. बापाचे नाव बुधा आणि मुलाचे सिद्धार्थ, अशा ओळीच्या ओळी आहेत. सहीऐवजी अंगठा करणाऱ्या बापाने मुलाला थेट कपिलवस्तूच्या राजपुत्राचे नाव दिले होते. आपण हजेरीला ही नावे रोज ऐकली आणि 'हजर' म्हणून पुढे गेलो. इतिहासाच्या तासाला अशोकाचे शिलालेख शिकत होतो, आणि शेजारच्या बाकावर बसलेला अशोक कुठून आला हे कोणी सांगितले नाही.

मग 'धर्म व जात'. इथे गोंधळ सुरू होतो, आणि तो लिपिकाचा नव्हे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदू नसलेल्या माणसाला अनुसूचित जातीचा मानले जात नव्हते. सुरुवातीला त्याला अपवाद होता तो पंजाबातल्या काही शीख जातींचा. 1956 मध्ये, दीक्षेच्या थोडेच आधी, कायद्यात दुरुस्ती होऊन 'हिंदू किंवा शीख' असे शब्द आले. बौद्धांना त्यात जागा मिळाली 1990 साली. म्हणजे चौतीस वर्षे, बुद्धाला शरण गेलेला महार केंद्र सरकारच्या लेखी अनुसूचित जातीत नव्हता. महाराष्ट्र सरकारने राज्य झाल्यावर 'नवबौद्ध' म्हणून सवलती चालू ठेवल्या, त्यामुळे शाळेची फी माफ झाली, वसतिगृह मिळाले, राज्याच्या नोकऱ्या मिळाल्या. पण आपल्या गावाच्या भोवती काय होते? साठच्या दशकात आलेली ऑर्डनन्स फॅक्टरी केंद्राची. पुढे राष्ट्रीयीकरण झालेल्या माजरीकडच्या कोळसा खाणी केंद्राच्या. रेल्वे केंद्राची, पोस्ट केंद्राचे.

तेव्हा भांदकच्या बापापुढे मुलाला पहिलीत घालताना प्रश्न असा होता: 'बौद्ध' लिहिले तर शिष्यवृत्ती, 'हिंदू महार' लिहिले तर पुढे फॅक्टरीत राखीव जागेचा अर्ज. एकाच घरात थोरल्याच्या दाखल्यावर 'हिंदू महार', मधल्याच्या 'नवबौद्ध' आणि धाकटीच्या नुसते 'बौद्ध', असे तिन्ही प्रकार आम्हाला दिसले. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, संध्याकाळी वंदना, आणि पेटीतल्या कागदावर तोच शब्द जो पुसण्यासाठी आईबाप चांद्याला चालत गेले होते. त्यावर टोमणे मारणारेही होते. "फायद्यापुरते हिंदू होता का?" असे म्हणणाऱ्याने कायदा वाचलेला नसे. त्याच काळातल्या 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने बौद्ध, जैन, शीख या सगळ्यांना आपल्या कक्षेत घेतले आहे. लग्नासाठी सरकार बौद्धाला हिंदूंच्या पंक्तीत बसवत होते आणि नोकरीसाठी त्याच पंक्तीतून उठवत होते. माणसाने कोणत्या दारातून आत यावे हे दारावर बसलेल्यानेच धड ठरवले नव्हते.

गोंडांच्या रकान्याची कथा निराळी आहे. अनुसूचित जमातीच्या यादीला धर्माची अट कधीच नव्हती, त्यामुळे पेरसापेन मानणारा असो की बाप्तिस्मा घेतलेला, फरक पडत नव्हता. लिपिक सवयीने 'हिंदू गोंड' लिहीत, वडीलही हरकत घेत नसत. आता 'जय सेवा' म्हणणारी त्यांची नातवंडे हरकत घेतात आणि आपला धर्म कोया-पुनेम असल्याचे सांगतात. त्या काळी अडचण होती ती तालुक्याची. 1976 च्या दुरुस्तीपर्यंत ही यादी ठरावीक क्षेत्रांना बांधलेली होती. एकाच घरातले दोन भाऊ दोन तालुक्यांत राहिले तर गडचिरोलीकडचा आदिवासी आणि दुसरा नाही, असे होऊ शकत होते. ज्या चांद्यावर गोंड राजांनी शतकानुशतके राज्य केले, परकोट बांधला, त्या जिल्ह्यात गोंडाला आपण गोंड असल्याचे सिद्ध करावे लागे.

रजिस्टरात न लिहिलेलेही पुष्कळ आहे. आपल्या वर्गात भेदभाव नव्हता, असे मेळाव्याच्या भाषणात म्हणण्याची पद्धत आहे, आणि बाकांपुरते ते खरेही आहे. बाकावर, मैदानावर, कबड्डीत, डोलाऱ्यात पोहायला जाताना कोणी कोणाला काही विचारले नाही. विचारणे सुरू होई ते घरच्या उंबऱ्यावर. मित्र घरी आला की आजी किंवा आई आडनाव विचारी. आपल्याकडे ही मोठी गंमत आहे, कारण मेश्राम हे आडनाव गोंडांतही आहे आणि बौद्धांतही. त्यामुळे लगेच पुढचा प्रश्न: "कोणते मेश्राम?" नऊ-दहा वर्षांच्या पोराला हा प्रश्न कळत नसे, त्याच्या उत्तरावर चहा कोणत्या कपात येईल हे ठरते, हे तर नाहीच. काही वर्षांनी कळे. मग तो 'बाहेरच बोलू' म्हणून फाटकापाशी सायकल धरून उभा राही. फाटकापाशी उभे राहणारे मित्र प्रत्येकाला होते. ते आत का येत नाहीत, याचे कारण आपल्याला माहीत होते की नव्हते, हे ज्याचे त्याने स्वतःशी पाहावे.

दसऱ्याच्या आधीच्या सरस्वतीपूजनाची एक गोष्ट इथे लिहिलीच पाहिजे. बावीस प्रतिज्ञा मानणाऱ्या घरातल्या मुलांना त्या दिवशी घरून सांगितलेले असे, की हात जोडायचे नाहीत. शाळेत रांग लागलेली असे. मूल मध्येच अडकून जाई. आपल्या एका गुरुजींनी (ते देवभोळे होते, कपाळाला गंध लावत) यावर एक साधी वाट काढली होती. अशा दोन-तीन मुलांना ते आदल्या दिवशी बोलावून फळ्यावर शोभेची अक्षरे काढण्याचे आणि कार्यक्रमात पुस्तकाविषयी चार वाक्ये बोलण्याचे काम देत. रांग पुढे सरकत असताना ती मुले खडू घेऊन फळ्यापाशी असत. कोणाच्या लक्षातही येत नसे. गुरुजींनी यावर कधी भाषण दिले नाही. त्यातल्या एकाने मला हे पन्नाशी उलटल्यावर सांगितले, आणि सांगताना त्याचा आवाज जड झाला होता. सगळेच शिक्षक असे नव्हते, हेही त्यानेच सांगितले.

फॅक्टरी आणि खाणींमुळे एक मोकळीक आली. वसाहतीत केरळचे, पंजाबचे, बंगालचे, उत्तरेकडचे लोक आले. चर्च, मशीद, गुरुद्वारा, अय्यप्पाची पूजा असे सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आले. क्वार्टर ग्रेडप्रमाणे मिळे, जातीप्रमाणे नाही. वसाहतीतल्या मल्याळी बाईंना 'कोणते मेश्राम' हा प्रश्नच पडत नसे. त्यामुळे आपल्यापैकी कित्येकांनी दुसऱ्याच्या घरात, स्वयंपाकघरापर्यंत जाऊन, पहिल्यांदा जेवण केले ते वसाहतीत. ओळखीच्या गावात जे जमले नाही ते अनोळखी लोकांत जमले. अर्थात आलेल्यांनी आपापले पूर्वग्रहही ट्रंकेत घालून आणलेच होते. 1992 च्या डिसेंबरनंतरच्या दिवसांत आपले काही मुसलमान वर्गमित्र एकाएकी कमी बोलू लागले, आणि इतरांनी त्यांना त्याचे कारण विचारले नाही. इथे दगड पडला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. पण न विचारण्याचीही एक सल राहते.

लग्नाचा उंबरठा सर्वांत उंच. आपल्याच शाळेतल्या दोघांनी, तो बौद्ध, ती तशी नव्हे, नोंदणी कार्यालयात लग्न केले. नावे इथे घालत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. वर सांगितलेल्या कायद्याच्या दृष्टीने तो मिश्रधर्मी विवाह नव्हताच. तिच्या घरच्यांच्या दृष्टीने मात्र मुलगी मेली होती. अकरा वर्षांनी तिचे वडील आजारी पडले, तेव्हा दवाखान्यात डबा घेऊन जाणारा हाच जावई होता. ते बरे झाले, दार उघडले. आई मात्र शेवटपर्यंत त्या घरी पाणी प्यायली नाही. बाई वाईट नव्हती. नातवाला मांडीवर घेऊन बसायची, स्वतःच्या डब्यातले भरवायची. माया आणि विटाळ एकाच माणसात शेजारी शेजारी राहू शकतात, हे पुस्तकातून शिकवता येत नाही.

आता चांद्याच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी 15 आणि 16 ऑक्टोबरला धम्मचक्र अनुवर्तन दिनाची गर्दी होते. बुद्धपौर्णिमेला विजासनच्या टेकडीवर वंदना होते. ज्या मूर्ती हजार-बाराशे वर्षे दगडाच्या अंधारात बसून होत्या, त्यांना आपले म्हणणारी माणसे पुन्हा मिळाली. गवराळ्याला चतुर्थीची रांग लागते, केसरिया मंदिराच्या भोजनशाळेत यात्रेकरू उतरतात, भद्रनागाला नागपंचमीची गर्दी असते. आपल्या बॅचच्या ग्रुपवर 14 एप्रिलला आणि गणेश चतुर्थीला शुभेच्छा पडतात. कोणाच्या शुभेच्छेला कोण उत्तर देतो आणि कोण नाही, हे बारकाईने पाहण्याची खोड मला आहे. ती शिक्षकी पेशाची.

एक विनंती करून थांबतो. 16 ऑक्टोबर 1956 ला चांद्याच्या मैदानावर जो दहा वर्षांचा होता, तो आज ऐंशीच्या घरात आहे. आपल्या वर्गमित्रांच्या घरांत असे आजोबा, अशा आज्या अजून आहेत. ते कशाने गेले, सोबत कोण होते, परत आल्यावर शेजाऱ्यांनी काय म्हटले, देव कुठे सोडले, दुसऱ्या दिवशी मजुरीला कोणी बोलावले की नाही, हे त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या. मोबाइलवर आवाज घेतला तरी चालेल. आणि ज्यांच्या घरचे लोक त्या दिवशी गेले नव्हते, त्यांनीही आपल्या आजीला विचारावे, की शेजारचे लोक चांद्याहून परत आले त्या संध्याकाळी आपल्या घरात काय बोलणे झाले होते. ही दुसरी साक्ष मिळणे अधिक अवघड आहे. जे काही जमेल ते दिवाळीच्या सुट्टीपर्यंत शाळेच्या वाचनालयात माझ्या नावे आणून द्यावे.